माणिकबाग: आतून बांधलेलं घर

इंदूरमध्ये केंद्रीय करखात्याची एक कचेरी आहे. तिच्या पत्त्यात अजून ‘माणिकबाग पॅलेस’ असं लिहितात. जीएसटीच्या कामाने तिथे जाणाऱ्या माणसाला या ‘पॅलेस’ शब्दाचं हसू येत असेल तर त्याचा दोष नाही. समोर दिसते ती एक लांबट, बेताच्या उंचीची, उतरत्या छपराची इमारत. कमानी नाहीत, घुमट नाहीत, नगारखाना नाही. रेल्वेच्या एखाद्या मोठ्या साहेबाचा बंगला जरा ताणून लांब केला तर असाच दिसेल.

या इमारतीत 1933 च्या सुमारास आधुनिक शिल्पकार कॉन्स्टँटिन ब्रांकुशीचं शिल्प आलं, वास्तुकार ल कॉर्बुझिएच्या चमूने आखलेली आरामखुर्ची होती, आयलीन ग्रे या डिझायनरची खुर्ची होती, रुलमान या फ्रेंच फर्निचरकाराचं आबनुसी मेज होतं. त्या वर्षी पॅरिसमध्येही एका छपराखाली एवढं सगळं, वापरातलं, क्वचितच सापडलं असतं. आज ते ऑस्ट्रेलियात आहे, अमेरिकेत आहे, आखाती देशांतल्या आणि युरोपातल्या संग्राहकांकडे आहे. घर मात्र इंदुरातच आहे, धडधाकट आहे आणि वापरात आहे.

माणिकबाग प्रकरण म्हणून अभ्यासायचं ते यासाठी. जुन्या घरांच्या जतनाबद्दल आपण बोलतो तेव्हा डोळ्यांपुढे पडका वाडा असतो: भिंत कलली, वासे कुजले, बिल्डर टपून बसला. इथे यातलं काहीच झालं नाही. एकही भिंत न पाडता घर गेलं. कसं गेलं, हे समजून घ्यायचं तर ते मुळात कसं बांधलं इथून सुरुवात करावी लागते.

रजवाड्यातून बागेत

होळकरांची तीन घरं एका ओळीत मांडली की एका घराण्याचं गावाबाहेर सरकत जाणं दिसतं. पहिलं घर रजवाडा. बाजाराच्या ऐन मध्यात, सात मजली, खाली दगड आणि वर लाकूड. मराठी वाड्याचा हा सगळ्यात उंच नातेवाईक. 1984 च्या दंगलीत तो जळला. दुसरं घर लालबाग. खान नदीच्या काठी, 1886 मध्ये सुरू झालं आणि 1921 पर्यंत बांधकाम चाललं. त्याचं फाटक लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकावरून घडवलेलं. आत फ्रेंच राजेशाही थाट, सोनेरी नक्षी, छतावर ढग आणि देवदूत. तिसरं माणिकबाग, तेव्हाच्या वस्तीबाहेरच्या मोकळ्या जागेत.

बाजारातून बागेकडे जाण्याची ही ओढ एकट्या होळकरांची नव्हती. गावाबाहेर हवा चांगली, प्लेगची भीती कमी आणि नजराही कमी. पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकाराने 1918 मध्ये इंदूर दरबारला शहररचनेचा जाडजूड अहवाल दिला, त्यातही बागा आणि मोकळी हवा यांचाच आग्रह आहे. पण लालबाग आणि माणिकबाग यांच्यातलं अंतर मैलांनी मोजण्यासारखं नाही. लालबाग परक्याला दाखवण्यासाठी बांधलेलं आहे. माणिकबाग राहण्यासाठी, आणि तेही अगदी ठरावीक दोन माणसांना राहण्यासाठी.

ती दोन माणसं म्हणजे यशवंतराव होळकर (दुसरे) आणि संयोगितादेवी. यशवंतरावांचा जन्म 1908 चा. संयोगितादेवी कागलच्या घाटग्यांच्या. दोघांचं लग्न 1924 मध्ये, म्हणजे पोरवयातच झालं. 1925 च्या जानेवारीत मुंबईच्या मलबार हिलवर बावला खून प्रकरण घडलं (इंदूर दरबार सोडून गेलेल्या नर्तकीला आसरा देणाऱ्या व्यापाऱ्याचा खून), त्याची झळ थेट इंदूरच्या गादीला लागली आणि 1926 मध्ये यशवंतरावांचे वडील, महाराज तुकोजीराव (तिसरे), पायउतार झाले. सतरा वर्षांचा मुलगा महाराज झाला, पण शिकायला इंग्लंडमध्येच राहिला. पूर्ण अधिकार हाती आले ते 1930 मध्ये.

बूते द मोंवेल या फ्रेंच चित्रकाराने यशवंतरावांची दोन मोठी चित्रं काढली. 1929 च्या चित्रात काळा टेलकोट, खांद्यावर केप, लांबच लांब बोटं. काही वर्षांनंतरच्या दुसऱ्या चित्रात तेच गृहस्थ पांढऱ्या गादीवर मराठी थाटात बसलेले, डोक्याला पगडी, गळ्यात ‘इंदूर पेअर्स’ हे प्रसिद्ध हिरे. अनेकांना यात दुहेरी आयुष्य दिसतं. मला तसं वाटत नाही. दोन्ही चित्रांत कापडाची घडी सारखीच कडक आहे आणि मागची भिंत सारखीच रिकामी आहे. या माणसाला मोकळी भिंत आवडत होती, एवढं मात्र नक्की. राजघराण्यात ही आवड दुर्मीळ होती. त्याच दशकात जोधपूरला उमेदभवन उभं राहत होतं, साडेतीनशेच्या घरात खोल्या असलेलं.

बापाचं पुस्तक, मुलाचं काम

ऑक्सफर्डला असताना यशवंतरावांची ओळख एका जर्मन तरुणाशी झाली: एकार्ट मुथेसियस. जन्म 1904, म्हणजे महाराजांहून चार वर्षांनी मोठा. घराचं काम त्याच्याकडे आलं तेव्हा तो पंचविशीत होता. नावावर सांगण्यासारखी इमारत नव्हती. एवढ्या मोठ्या कामासाठी असा माणूस निवडणं हा वेडेपणा वाटेल, पण आडनावाकडे पाहिलं की वेडेपणा कमी होतो.

एकार्टचे वडील हेर्मान मुथेसियस 1896 ते 1903 लंडनच्या जर्मन वकिलातीत होते. इंग्रज लोक घरं कशी बांधतात हे पाहून कळवणं, हेच त्यांचं काम. त्यातून 1904-05 मध्ये ‘इंग्रजी घर’ या अर्थाच्या नावाचे तीन खंड निघाले. ग्रंथाचा विषय राजवाडे नव्हता. लंडनच्या कडेला वाढणारी, मध्यमवर्गाची आणि उच्च मध्यमवर्गाची, बागेतली घरं हा विषय होता. नॉर्मन शॉ, व्हॉयसी, बेली स्कॉट, मॅकिंटॉश अशा वास्तुकारांची ती घरं. त्यांचं सार मुथेसियस यांनी असं मांडलं: घर आतून बाहेर आखायचं. आधी माणूस कुठे बसणार, उजेड कुठून येणार, पाहुणा कुठे थांबणार, बागेत कुठल्या दारातून उतरणार ते ठरवायचं. दर्शनी भाग त्यातून जो निघेल तो निघेल. बर्लिनला परतल्यावर निकोलासझे या उपनगरात त्यांनी स्वतः अशी घरं बांधली. त्यांचं स्वतःचं घरही तिथलंच.

याला आणखी एक घरगुती धागा आहे. मॅकिंटॉश हा मुथेसियस कुटुंबाचा स्नेही आणि एकार्टचा धर्मपिता. 1901 मध्ये एका जर्मन प्रकाशकाने ‘कलारसिकाचं घर’ अशी स्पर्धा ठेवली होती. उपनगरातलं, एका रसिक दांपत्यासाठीचं काल्पनिक घर. मॅकिंटॉशच्या आराखड्यात खुर्चीपासून दिव्यापर्यंत आणि पडद्यापासून भिंतीवरच्या रेषेपर्यंत सगळं एका हाताने काढलेलं होतं. प्रवेशिका अपुरी म्हणून पहिला नंबर हुकला, पण आराखडा खास बक्षिसाने विकत घेतला गेला. तो छापला गेला तेव्हा प्रस्तावना लिहिली हेर्मान मुथेसियस यांनी. ते घर मात्र कागदावरच राहिलं. ग्लासगोत ते उभं राहिलं 1990 च्या दशकात, मॅकिंटॉश जाऊन साठ-सत्तर वर्षं उलटल्यावर.

एकार्ट अशा घरात, अशा गप्पांत वाढला. हेर्मान 1927 मध्ये बर्लिनमध्ये ट्रामच्या अपघातात गेले. तीन वर्षांनी मुलाला खराखुरा कलारसिक गिऱ्हाईक भेटला: तरुण, पैसेवाला आणि ‘बाहेरून कसं दिसेल’ असं न विचारणारा. माणिकबाग हे मॅकिंटॉशच्या कागदी घराचं पहिलं बांधकाम आहे असं म्हटलं तर शैलीच्या अभ्यासकांना ते खटकेल. कल्पनेच्या वंशावळीत मात्र त्याची जागा तीच आहे.

आत काय होतं

काम चाललं 1930 ते 1933. इमारतीचा आराखडा तीन बाजूंनी अंगण घेणारा. उतरतं छप्पर माळव्याच्या पावसासाठी. आधुनिक घराला सपाट गच्चीच हवी असा त्या काळच्या जर्मन नव्या वास्तुकारांचा जवळजवळ धर्म होता. एकार्टने तो पाळला नाही, हे मला त्याच्या शहाणपणाचं लक्षण वाटतं. हवा थंड करण्याची यंत्रणा बसवली होती. हिंदुस्थानातल्या घरात ही तेव्हा अपूर्वाई होती.

फर्निचर युरोपात बनून जहाजाने आलं. बरंच एकार्टने स्वतः आखलेलं. वाचनासाठीच्या त्याच्या लाल खुर्च्यांत डोक्याशीच दिवे बसवलेले होते. खुर्ची, दिवा, वाचणारा माणूस, सगळं एका चौकटीत. दाराच्या मुठी, भिंतीवरचे दिवे, कपडे अडकवायची घोडी, छत्र्यांचा स्टँड हेही त्याचंच. बाकीचं त्याने आणि महाराजांनी मिळून निवडलं. झोपण्याच्या खोल्यांतले पलंग लुई सोन्यो आणि शार्लोत आलिक्स या जोडीचे, धातू आणि काच यांचे. ल कॉर्बुझिए, पिएर जान्रे आणि शार्लोत पेरिआँ या तिघांनी आखलेली आरामखुर्ची होती, तिच्यावर बिबट्याचं कातडं. पॅरिसमध्ये ही खुर्ची म्हणजे यंत्रयुगाची घोषणा. इंदुरात तिच्यावर शिकारीचं कातडं पडलं आणि ती संस्थानी झाली. गालिचे इव्हान दा सिल्वा ब्रून्सचे, चांदीची भांडी प्युइफोर्काची.

रुलमानची गोष्ट तर मजेशीर आहे. 1929 च्या पॅरिसच्या सजावटकारांच्या प्रदर्शनात त्याने ‘हिंदुस्थानच्या व्हाइसरॉय-युवराजासाठी अभ्यासिका’ अशी एक खोली मांडली होती. असा युवराज कुठेच नव्हता, तो प्रदर्शनापुरता रचलेला. पण लवकरच इंदूरच्या खऱ्या महाराजांनी त्याच रुलमानकडून आपल्या अभ्यासिकेसाठी मॅकॅसर आबनूसचं मेज घेतलं. कल्पनेतलं गिऱ्हाईक हाडामांसाचं होऊन दुकानात यावं असं भाग्य फार थोड्या कारागिरांना लाभतं.

पॅरिसमध्ये या दोघांना वाट दाखवणारा माणूस आँरी-पिएर रोशे. लेखक, संग्राहक आणि चित्रकार-शिल्पकारांचा मध्यस्थ. ब्रांकुशीकडे त्यानेच नेलं. तिथे यशवंतरावांनी ‘अवकाशातला पक्षी’ या मालिकेतलं ब्राँझचं शिल्प घेतलं. पुढे काळ्या आणि पांढऱ्या संगमरवरातले आणखी दोन पक्षी. त्यांच्यासाठी बागेत एक ध्यानमंदिर बांधायची कल्पना निघाली: लहानसं, खिडक्या नसलेलं, जमिनीखालच्या वाटेने आत जायचं, आत पाण्याचा चौकोनी हौद आणि पाण्यात उमटणारे तीन पक्षी. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. बारव पाहिलेल्या माणसाला अंधारातून उतरून पाण्यापाशी पोचणं ठाऊक असतं.

हे सगळं मी यादीसारखं सांगतो आहे, कारण आज आपल्या हाती यादी आणि फोटोच उरले आहेत. घर पूर्ण झाल्यावर एकार्टने स्वतः त्याचे कृष्णधवल फोटो काढले. त्यांत कुठेही खोलीभर सामान नाही. मोठी मोकळी जमीन, एक गालिचा, दोन खुर्च्या, भिंतीवर उजेडाची पट्टी. खुर्ची उचलली तर खोलीत काहीही उरणार नाही, अशा या खोल्या. प्रकरणाचं मर्म इथेच आहे.

वाड्याशी तुलना

आपल्याकडचा वाडा याच्या अगदी उलट असतो. वाड्यात फर्निचर जवळजवळ नसतंच. गादी, लोड, तक्क्या, चौरंग, पाट. सकाळी गुंडाळून ठेवलं की खोली रिकामी. पण रिकामी खोलीही वाड्याचीच खोली असते, कारण कोनाडे, देवळ्या, फडताळ, माचे हे भिंतीच्या पोटात असतं, खांबांवर नक्षी असते, वर कडीपाट असतो. भावाभावांत वाटणी झाली तरी ती खणांनी होते. तुला तीन खण, मला दोन, चौक सामाईक. वाड्याचे तुकडे पडतात, भांडणं पिढ्यानपिढ्या चालतात, पण वाडा उचलून परगावी नेता येत नाही. (खांब आणि दरवाजे आता जुन्या बाजारात विकले जातात हे खरं. पण त्यासाठी आधी वाडा पाडावा लागतो.)

माणिकबागेत वास्तू जी काही होती ती हलवता येणाऱ्या वस्तूंत होती. हेर्मान मुथेसियस यांचं ‘आतून बाहेर’ हे तत्त्व मुलाने इतकं निष्ठेने पाळलं की सगळं घर आतच राहिलं. भिंतींवर त्यातलं फार थोडं उतरलं. इंग्लंडच्या ज्या घरांवरून वडिलांनी धडे घेतले त्यांत निदान शेकोटीभोवतीचा कोपरा, खिडकीतलं बाक, जिन्याचे कठडे तरी इमारतीला जखडलेले असत. इंदूरला तेही फारसं नव्हतं.

हा दोष म्हणावा का? घरमालकासाठी नाही. जोवर ते दोघे तिथे राहत होते तोवर या घराइतकं पूर्ण घर देशात दुसरं नव्हतं. अडचण अशी की ते दोघे सोडून दुसऱ्या कोणासाठीही त्यात जागा नव्हती.

1937 नंतर

संयोगितादेवी 1937 च्या जुलैमध्ये स्वित्झर्लंडमध्ये गेल्या. वय तेवीसच्या आतबाहेर. घर पुरं होऊन चारच वर्षं झाली होती. 1933 च्या ऑक्टोबरात जन्मलेली त्यांची मुलगी तेव्हा अजून चार वर्षांचीही नव्हती.

त्या हिवाळ्यात ब्रांकुशी ध्यानमंदिराच्या कामासाठी स्वतः इंदूरला आला. साठी ओलांडलेला शिल्पकार एवढा लांबचा प्रवास करून आला, जागा पाहिली, थांबला, आणि काम सुरू न होताच परतला. मंदिर कधीच झालं नाही. यशवंतरावांचा त्यातला जीव गेला होता असं मी समजतो. दोघांसाठी आखलेल्या घरातला एक माणूस गेल्यावर त्याला नवा भाग जोडायचा कोणासाठी? एकार्ट 1936 पासून संस्थानच्या शहररचनेचं काम पाहत होता. 1939 मध्ये युद्धाच्या तोंडावर तोही जर्मनीला गेला.

यशवंतरावांनी पुढे दोनदा लग्न केलं, दोन्ही पत्नी अमेरिकन. मुक्काम बराचसा परदेशी. 1948 मध्ये इंदूर संस्थान मध्यभारतात विलीन झालं, ते उपराजप्रमुख झाले. 1956 मध्ये मध्यभारत मध्यप्रदेशात गेला आणि ते पदही संपलं. 5 डिसेंबर 1961 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. 1971 मध्ये तनखे बंद झाले. या सनावळीतून एवढंच घ्यायचं की ज्या उत्पन्नावर असं घर चालतं ते उत्पन्न 1971 नंतर कुठल्याच संस्थानिकाकडे नव्हतं. ज्यांच्या वाड्यांची हॉटेलं झाली ते तरले. उदेपूर, जोधपूर, जयपूर ही उदाहरणं सगळ्यांना ठाऊक आहेत. माणिकबागेचं हॉटेल होऊ शकलं असतं का, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना विचारतो. बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. मग मी त्यांना खोल्या मोजायला सांगतो आणि 1970 च्या दशकात इंदूरला कुठले पर्यटक येत होते ते विचारतो. तेव्हा पर्यटकाला राजवाडा हवा होता, घुमटांचा आणि हत्तींचा. त्याला क्रोमियमच्या नळीच्या खुर्च्या दाखवल्या असत्या तर तो म्हणाला असता, अशा तर आमच्या दातांच्या डॉक्टरकडेही आहेत.

वास्तू सरकारकडे गेली. आतलं वारसांकडे राहिलं. कागदोपत्री हा अगदी सरळ व्यवहार: स्थावर एकीकडे, जंगम दुसरीकडे. जगातल्या कुठल्याही वकिलाने तसाच केला असता. पण ज्या घरात जंगम हेच घर होतं तिथे या एका रेषेने सगळा निकाल लागला.

काळा आणि पांढरा पक्षी 1973 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने घेतले. कॅनबेरामध्ये ते आज जोडीने उभे आहेत. ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियात पॅसाडेनाच्या नॉर्टन सायमन म्युझियममध्ये पोचला. फर्निचरचा लिलाव 1980 च्या मे महिन्यात मोनाकोत सॉदबीजने केला. पलंग, दिवे, गालिचे, खुर्च्या वेगवेगळ्या हातांत गेल्या. एकार्ट मुथेसियस तेव्हा हयात होता, पंचाहत्तरीचा. तो वारला 1989 मध्ये. आपलं एकमेव मोठं काम सुटं होऊन क्रमांक लावून विकलं गेलेलं या वास्तुकाराने जिवंतपणी पाहिलं.

कायदा कुठे होता

लिलावाबद्दल वाचून आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया संतापाची असते: देशाचा ठेवा बाहेर जाऊ दिलाच कसा? उत्तर कोरडं आहे. आपल्या पुरावस्तू कायद्यानुसार वस्तू पुरावस्तू ठरायला किमान 100 वर्षं जुनी असावी लागते, हस्तलिखितं असली तर 75. हा कायदा 1972 चा, अंमलात आला 1976 मध्ये. त्याआधीच्या 1947 च्या निर्यात कायद्यातही शंभराचीच अट होती. 1980 मध्ये माणिकबागेतली खुर्ची पन्नास वर्षांची. कायद्याच्या नजरेत ती जुनी खुर्ची, बस्स. ‘कलानिधी’ ठरवायची वेगळी तरतूद आहे, पण तिच्याखाली सरकारने जाहीर केलेली नावं रवींद्रनाथ, अमृता शेरगिल, जामिनी राय, राजा रविवर्मा अशी. आयलीन ग्रे त्यात कशाला येईल?

इमारतीचंही तेच. राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक ठरायला 1958 च्या कायद्याप्रमाणे किमान 100 वर्षं लागतात. माणिकबाग शंभराची होईल 2033 मध्ये. शहरांच्या वारसा नियमावल्यांकडे वळावं तर तिथे भर बाहेरच्या रूपावर. मुंबईच्या 1995 च्या नियमांत पहिल्या श्रेणीच्या इमारतीला आतूनही हात लावायला मज्जाव आहे, दुसऱ्या श्रेणीपासून आतले बदल चालतात. दर्शनी भाग साधा असलेलं घर पहिल्या श्रेणीत जायची शक्यता किती? आणि गेलंच तरी भिंत जपली जाईल, खुर्ची नाही.

या गोष्टीची पुनरावृत्ती आपण चंदीगडला पाहिली. पिएर जान्रेच्या देखरेखीखाली बनलेल्या सरकारी खुर्च्या मोडीत निघाल्या आणि परदेशी लिलावांत लाखोंनी विकल्या गेल्या. माणिकबागेतल्या आरामखुर्चीवर नाव असलेला हाच तो जान्रे. पहिल्या वेळी आपल्याला माहीत नव्हतं असं म्हणता येईल. दुसऱ्या वेळी काय म्हणायचं?

वारसांना बोल लावणं मला पटत नाही. विकत घेणाऱ्यांनी या वस्तू सांभाळल्या, नाहीतर त्यांतल्या निम्म्या इंदूरच्या एखाद्या गोदामात वाळवीने खाल्ल्या असत्या. 2019 च्या सप्टेंबरात पॅरिसच्या सजावटकलेच्या संग्रहालयाने या महाराजांवर मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा विखुरलेल्या वस्तू काही महिने पुन्हा शेजारी आल्या. शेजारी आल्या, पण पॅरिसमध्ये.

दुसरा रस्ता होता का

होता, आणि तो पॅसाडेनातच पाहायला मिळतो. त्या गावात गॅम्बल हाउस आहे, ग्रीन बंधूंनी 1908 मध्ये बांधलेलं. तेही आतून आखलेलं घर. टेबल, दिवे, गालिचे, लाकडातली खुंटीसुद्धा वास्तुकारांची. कुटुंब ते विकायच्या विचारात होतं, पण घर पाहायला आलेली मंडळी आतलं लाकूडकाम पांढरं रंगवायच्या गोष्टी करताना ऐकू आली आणि विक्री बारगळली, असं सांगतात. 1966 मध्ये कुटुंबाने घर फर्निचरसकट पॅसाडेना शहराला दिलं, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जोडीने. स्थावर आणि जंगम यांच्यामध्ये त्यांनी रेषच ओढली नाही. माणिकबागेचा ब्राँझ पक्षी ज्या संग्रहालयात आहे तिथून हे घर चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

तुलना अर्थात समान नाही. गॅम्बल कुटुंबाकडे पैसा होता आणि शेजारी घेणारं विद्यापीठ होतं. इंदूरला 1970 च्या दशकात असं दान घ्यायला कोण पुढे आलं असतं? जर्मन-फ्रेंच आधुनिक फर्निचर हा आपल्याकडे वारसा आहे असं म्हणणाराच तेव्हा सापडला नसता. मराठेशाहीचं म्हटलं की आपल्याला तलवार आणि पगडी दिसते. होळकरांचा हा वंशज वारसा म्हणून क्रोमियम सोडून गेला, हे पचायला आपल्याला अजूनही जड जातं.

म्युनिकची एक कंपनी एकार्टच्या दोन वस्तू आजही बनवून विकते. कपडे अडकवायच्या घोडीचं नाव ‘मांडू’, छत्र्यांच्या स्टँडचं नाव ‘उषा’. पहिलं इंदूरजवळच्या डोंगरी गडाचं, दुसरं यशवंतराव-संयोगितादेवींच्या मुलीचं. युरोपातल्या किती गिऱ्हाइकांना ही नावं कळत असतील कुणास ठाऊक.

आता हातात काय आहे

मूळ फर्निचर परत येणार नाही, त्याची किंमत कुठल्याही सरकारी संस्थेच्या आवाक्याबाहेर गेली आहे. कचेरी हलवून संग्रहालय करा अशी मागणी अधूनमधून होते. रिकाम्या खोल्यांचं संग्रहालय करून आत काय दाखवणार, याचं उत्तर तिच्याबरोबर नसतं. खरं तर कचेरीने इमारत पडू दिली नाही, हे तिच्या खाती जमा धरायला हवं.

मला विचाराल तर काम लहान आणि नेमकं आहे. पहिलं म्हणजे मोजणी. एकार्टचे फोटो हातात घेऊन प्रत्येक खोलीत उभं राहायचं आणि कॅमेरा कुठे होता ते शोधायचं. फोटोतली कुठली भिंत, कुठलं दार, दिव्याची कुठली खाच अजून जागेवर आहे याची नोंद करायची. मुठी, बिजागऱ्या, स्विचच्या पट्ट्या, फरशीचे तुकडे: भिंतीला चिकटलेलं म्हणून लिलावात जाऊ शकलं नाही असं जे काही असेल ते. एका वास्तुरचना महाविद्यालयाचा एक उन्हाळा पुरेल एवढंच हे काम आहे. 2033 साली इमारत यादीत घ्यायची वेळ आली तर त्या नोंदीवाचून यादीत लिहायला फक्त छप्पर आणि भिंती असतील.

दुसरं, एक खोली. एकच. कचेरीचा बाकीचा कारभार चालू ठेवून वाचनाची ती खोली फोटोबरहुकूम पुन्हा लावायची, प्रतिकृतींनी, तसं स्पष्ट सांगून. लाल खुर्च्या आपल्याकडचा चांगला सुतार आणि गादीवाला मिळून करू शकतात, त्यात अवघड काही नाही. दिव्यांचं काम थोडं नाजूक आहे. संध्याकाळी बाकीची कचेरी बंद झाल्यावर त्या खोलीतले दिवे लावायचे आणि खुर्चीत बसून पाहायचं, पुस्तकाच्या पानावर उजेड बरोबर पडतो की नाही.